आकडामीमांसा : घरगुती लोहारकामाचा शास्त्रोक्त विचार

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे. ज्यांनी तो ब्रह्मविचारासाठी घालून दिला, त्यांच्यासमोर लोहारकामाची हौस जडलेला निवृत्त बँक अधिकारी नव्हता हे उघड आहे. पण म्हणून आपण शिस्त सोडावी असं नाही. तर विषय : घरच्या घरी, कोणी सांगितलेलं नसताना, तापलेलं लोखंड ठोकणे. प्रयोजन : एक आकडा. भिंतीला लावतात आणि ज्याला छत्री, पिशवी किंवा किल्ल्या टांगतात तो. संबंध : लोखंडाशी थोडा, शेजाऱ्यांशी फार. अधिकारी : ज्याच्याकडे तळमजला आहे तो.

प्रयोजनाबद्दल वाद होईल याची प्रस्तुत लेखकाला कल्पना आहे. पूर्वपक्ष असा की, आकड्यासाठी कोणीही या वाटेला लागत नाही. लागतो तो तलवारीसाठी. फोनच्या पडद्यावर कोणी दाढीवाला पंधरा मिनिटांत कट्यार घडवतो, तिने नारळ उभा चिरतो, आणि ते पाहून इकडच्या माणसाचे हात शिवशिवू लागतात. हा पक्ष खरा आहे, पण अपुरा आहे. तलवारीच्या मनसुब्याने पेटवलेली प्रत्येक घरगुती भट्टी अखेर आकड्यापाशी येऊन थंडावते, आणि त्याला सबळ कारणं आहेत.

पहिलं कारण सरकारी. १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांच्या हिशेबाने नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार ही हौसेची बाब राहत नाही. निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेल्या वस्तू मात्र कायद्याने वगळल्या आहेत. म्हणजे विळी चालेल, खुरपं चालेल, तलवार चालणार नाही. आणि ‘ही तलवार नसून मोठी विळी आहे’ हा युक्तिवाद पोलीस चौकीत टिकत नाही. दुसरं कारण धातूचं. पात्याला पाणी द्यावं लागतं, आणि साध्या लोखंडाला पाणी चढत नाही. बांधकामाच्या किंवा खिडकीच्या ग्रिलच्या लोखंडात कार्बन नावापुरता, पाव टक्क्याच्या आतबाहेर. त्याला लालबुंद करून बादलीत बुडवलं तर आवाज जोरदार येतो, गुण येत नाही. धार धरायला अर्ध्या टक्क्याच्या पुढे कार्बन लागतो. म्हणून खेड्यातला लोहार ट्रकच्या जुन्या कमानीचे पाटे जपून ठेवतो आणि त्यातून कोयते काढतो.

पाणी देण्याचं गणितही सोपं नाही. पोलाद सातशे-आठशे अंशांच्या घरात तापवायचं, झटक्यात थंड करायचं, मग ते काचेसारखं ठिसूळ झालेलं असतं म्हणून पुन्हा हलकं तापवून त्याचा हट्ट मोडायचा. या दुसऱ्या तापवण्यात घासून उजळलेल्या पोलादावर रंग चढत जातात. सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, पावणेतीनशेच्या पुढे जांभळा, तीनशेला निळा. पिवळ्यावर थांबलं तर वस्तरा, निळ्यावर थांबलं तर स्प्रिंग. नवशिका यांतल्या कोणत्याच रंगावर थांबत नाही, कारण तेवढ्यात दाराची बेल वाजते. आकड्याला पाणी द्यावं लागत नाही, धार लागत नाही, परवाना लागत नाही. तो वाकडा झाला तरी आकडाच राहतो; किंबहुना वाकडा झाल्याशिवाय तो आकडा होतच नाही. सिद्धांत इथेच प्रस्थापित झाला असं समजून पुढे जाऊ.

आता थोडा इतिहास, कारण इतिहासाशिवाय प्रबंधाला वजन येत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा मानतात. म्हणजे विदर्भात लोखंडाची धग सुमारे दोन हजार सातशे वर्षांची आहे. या प्रदीर्घ काळात लोहाराच्या ठोक्यांबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केल्याचा पुरावा उत्खननात मिळालेला नाही. याचा अर्थ आवाज होत नव्हता असा नाही. लोहार बारा बलुतेदारांपैकी एक. कुळवाची पास, नांगराचा फाळ, विळे, खुरपी यांसाठी अख्खं गाव त्याच्या दारात उभं. ज्याचं आपल्यावाचून अडतं, त्याच्या आवाजाचा त्रास होत नाही. हौशी लोहाराची सगळी गोची इथे आहे : त्याच्यावाचून कोणाचंही काहीही अडलेलं नसतं. त्याच्या ठोक्याला ना पेरणीची घाई, ना खळ्यावरच्या धान्याची वाट. प्रस्तुत प्रबंधातल्या पुढच्या सर्व अडचणी या एका दारिद्र्यातून निघतात.

ऐरणीपासून सुरुवात करू. ‘रुळाचा तुकडा मिळव,’ हा सल्ला या क्षेत्रात नमस्कारासारखा दिला जातो. आपल्याकडच्या रुळांचं वजन मीटरला ५२ किंवा ६० किलो. दीड फुटाचा तुकडा चोवीस ते सत्तावीस किलो भरतो, अंगाने कणखर असतो, ठोकून घ्यायला उत्तम. अडचण एवढीच की १९६६चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) कायदा या तुकड्याकडे ऐरण म्हणून पाहत नाही. संशयास्पद रेल्वेमाल जवळ सापडला, तर तो रीतसर आपल्याकडे आला हे आपण सिद्ध करायचं असतं, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही हौशी लोहारांच्या परसात असे तुकडे दिसतात, आणि विचारल्यावर प्रत्येकाचे एक काका रेल्वेत होते असं निष्पन्न होतं. तुमचे काका रेल्वेत नसतील, तर भंगारवाल्याकडून एखाद्या जुन्या शाफ्टचा जाडजूड तुकडा पावतीसह घ्यावा आणि वाळूने भरलेल्या पिंपात किंवा बाभळीच्या ओंडक्यात पक्का बसवावा.

भंगारात ‘एकदम सॉलिड’ म्हणून दाखवला जाणारा ठोकळा पुष्कळदा बिडाचा असतो. बीड ठिसूळ, जोराचा घाव कडेला बसला तर तिथला तुकडा उडतो. परीक्षा सोपी आहे : हातोडीने हलकेच टकटक करावी. पोलाद खणखणतं, बीड बद्द वाजतं. इथे शास्त्र आणि समाज यांचा पहिला संघर्ष उभा राहतो, कारण ऐरण जितकी चांगली तितकी ती खणखणते, आणि ती जितकी खणखणते तितका वरच्या मजल्यावरचा माणूस लवकर खाली येतो. ऐरणीच्या कमरेला जाड साखळी गुंडाळली आणि बूड वाळूत रोवलं की खणखणाट बराच मरतो. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा मुद्दा मांडण्याआधी साखळी गुंडाळलेली असावी.

हातोडा किलोभराचा पुरतो. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी झिजलेल्या कानशी, हातोडे, शेगडे, दांडा हरवलेल्या कुऱ्हाडी आणि त्यांच्याकडे कुतूहलाने पाहणारे सॉफ्टवेअरवाले एकाच चादरीभोवती आढळतात. सांडशी लगेच घेऊ नये. सुरुवातीची कामं दोन फूट लांब बारवरच करावीत, म्हणजे एक टोक भट्टीत आणि दुसरं थंड टोक हातात. लोखंड स्वतःच स्वतःची सांडशी होतं, आणि हौशी माणसाचे दोन महिने वाचतात. ते तो सांडशी कशी घडवावी हे पाहण्यात घालवतो.

भट्टीचा प्रश्न ऐरणीपेक्षा नाजूक आहे. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठी असतो. त्याच्यावर लोखंड तापवणं नियमात बसत नाही आणि घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या शिस्तीत तर अजिबात नाही. म्हणून लाकडी कोळसा. तो इस्त्रीवाल्याला कुठे मिळतो हे त्यालाच विचारावं. ट्रकच्या ब्रेकचा जुना ड्रम, त्याच्या तळाला लोखंडी पाइप आणि पाइपच्या टोकाला वाऱ्यासाठी केस वाळवायचं यंत्र, एवढ्यात भट्टी होते. केस वाळवायचं यंत्र नवं आणावं. घरातलं उचललं तर या शास्त्राचा अभ्यास तिथेच संपल्याची उदाहरणं आहेत. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला घेऊ नये. जस्त ९०७ अंशांना उकळतं, भट्टीत त्याहून कितीतरी जास्त धग असते, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. ही गोष्ट विनोदाची नाही. बंद गॅलरीतली भट्टीही विनोदाची नाही : कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणूनच वर अधिकारी सांगताना तळमजला म्हटला. खरं तर तळमजला आणि त्याला लागून उघडं परसदार म्हणायला हवं होतं, पण मग अधिकारी फारच थोडे उरले असते.

वेळेचा विचार स्वतंत्र प्रकरणाला पात्र आहे. लोहाराचं दुकान अंधारं असतं ते गरिबीमुळे नाही. तापलेल्या लोखंडाचा रंग हाच त्याचा तापमापक, आणि तो भर उन्हात दिसत नाही. दुपारी बाराला अंगणात नारिंगी लोखंडही राखाडी भासतं, माणूस ते आणखी तापवतो, आणि टोकातून पांढऱ्या ठिणग्यांची फुलबाजी सुटते. म्हणजे लोखंड जळालं. तेव्हा काम संध्याकाळी करावं हे धातुशास्त्र सांगतं. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सांगतात की निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. ऐरणीजवळ उभं राहिलं तर ठोक्याचा आवाज सहज शंभरीच्या घरात जातो. म्हणजे शास्त्राला हवा तेवढा अंधार आणि नियमाला चालेल तेवढा उजेड यांच्या मधल्या फटीत छंद बसवायचा. ही फट सूर्यास्तापासून दहापर्यंतची, आणि नेमकी तीच वेळ इमारतीत सगळे घरी असण्याची. लोखंडापुरता एक तोडगा आहे : चुंबक. ७७० अंशांच्या वर लोखंडाची चुंबकाशी ओळख सुटते. जुन्या स्पीकरमधलं चुंबक तारेला टांगावं, तापलेली सळई त्याच्याजवळ नेऊन पाहावी. खेचली गेली नाही की उन्हातही कळतं की आता हातोडा घ्यायला हरकत नाही. शेजाऱ्यासाठी असं चुंबक नाही.

बसून ठोकावं की उभं राहून, यावर दोन पंथ आहेत. उत्थितपंथी म्हणतात, ऐरण उभ्या माणसाच्या लोंबत्या हाताच्या मुठीइतकी उंच असावी, म्हणजे पाठ वाकत नाही. आसीनपंथ आपला जुना. ऐरण जमिनीत रोवलेली, लोहार तिच्यापुढे बसलेला, डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडी. पण या पंथाची मेख अशी की बसलेला माणूस एकटा काम करत नाही. आठवडी बाजाराच्या कडेला पाल ठोकून बसलेलं घिसाड्याचं कुटुंब नीट पाहावं. पुरुष बसून लोखंड फिरवतो, समोर उभी राहून घण मारते ती पुष्कळदा बाई, आणि हाताने फिरवायच्या पंख्यावर एखादं पोर. लहान हातोडी लोखंडाला आकार द्यायला फारशी नसतेच; घाव कुठे पडायला हवा हे ती दाखवते. तिने लोखंडावर टिचकी मारली की घण तिथेच पडतो, ती ऐरणीवर मोकळी वाजली की घण थांबतो. तोंडाने एक शब्द होत नाही. १९६५च्या ‘साधी माणसं’मधल्या, आनंदघन यांनी चाल दिलेल्या गाण्यामुळे लोहाराचं घर मराठी माणसाला गोड वाटू लागलं. घण उचलून पाहिला की त्या गोडव्यात वजनाचीही भर पडते. हौशी लोहाराच्या घरी घण मारायला कोणी पुढे येत नाही. घाव कुठे पडायला हवा होता हे सांगायला मात्र चहाचा कप घेऊन तिघे उभे असतात. म्हणून तो नाइलाजाने उत्थितपंथी होतो आणि त्याला आधुनिक म्हणतात.

आता प्रत्यक्ष आकडा. दहा मिलिमीटरचा चौकोनी बार घ्यावा, गोल सळई नको. चौकोनाला कडा असतात आणि कडांमुळे आपण काय करतोय ते दिसतं. टोक नारिंगी होईपर्यंत तापवावं, ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर तिरपं ठेवावं आणि प्रत्येक ठोक्यागणिक बार पाव फेरा फिरवत टोक निमुळतं करत न्यावं. इथे घाई करून थेट गोल करायला जाऊ नये. गोल ठोकताना कातडं पसरतं, गाभा मागे राहतो, आणि टोक आतून फाटून माशाच्या तोंडासारखं उघडतं. आधी चौकोनी निमुळतं, मग चारी कडा मोडून अष्टकोनी, मग त्या आठ कडा मोडून गोल, हा क्रम मोडू नये. बार बाहेर काढल्यापासून कामाचे क्षण पंधरा-वीस सेकंदांचे. त्यांतले पहिले पाच नवशिका हातोडा कुठे ठेवला हे शोधण्यात घालवतो. लाली उतरल्यावर ठोकत राहिलं तर लोखंड हटत नाही, मनगट हटतं. प्रत्येक तापवणीनंतर अंगावरून काळे पापुद्रे सुटून ऐरणीवर पडतात. ते ब्रशने झटकावेत, नाहीतर पुढच्या घावात तेच लोखंडात रुतून व्रण पडतात.

टोक गोल झालं की त्याला बारीक मुरड घालावी. शोभा येते आणि टांगलेल्या कोटाचं अस्तर फाटत नाही. मग ऐरणीच्या गोल अंगावर वळवून आकडीचा बाक काढावा. मधल्या चौकोनी भागाला पीळ द्यायचा असेल तर तेवढाच भाग एकसारखा तापवावा, बार शेगड्यात पकडावा आणि पान्याने एका दमात फिरवावा. जिथे तापमान कमी तिथे पीळ बसत नाही, आणि हे नंतर प्रत्येक पाहुण्याला दिसतं. शेवटी वरचं टोक पानासारखं चपटं करून स्क्रूसाठी भोक. भोक पंचने पाडावं की ड्रिलने, यावर कडवी माणसं भांडतात. ड्रिलने पाडावं.

या सगळ्यात भाजण्याचा धोका लाल लोखंडाचा नाही. लाल लोखंड लांबूनच बजावतं. धोका काळ्या लोखंडाचा. लाली गेल्यावरही ते तीनशे-चारशे अंशांवर असतं आणि दिसायला हुबेहूब थंड. घरातलं माणूस ‘झाला का तुमचा आकडा?’ म्हणत नेमकं तेच उचलतं. म्हणून काम झालेली वस्तू बादलीत बुडवल्याशिवाय कोणाच्या हाताच्या पल्ल्यात ठेवू नये, आणि स्वतःसुद्धा तळवा लावण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग पाहावी. कपडे सुती. नायलॉनचा टी-शर्ट ठिणगीने जळत नाही, वितळून कातडीला चिकटतो. डोळ्यांना चष्मा, पाय बंद बुटात. सँडल घालून लोहारकाम करणाऱ्याबद्दल हा प्रबंध मौन बाळगतो.

ऐरणीखाली साचणाऱ्या किटाचं काय करावं? आयुर्वेदात लोखंडाच्या जुन्या किटाला मंडूर म्हणतात, आणि शंभर वर्षांपुढचं जुनं मंडूर उत्तम मानलं आहे. तेव्हा आज झाडून काढलेलं कीट डब्यात भरून वर तारीख लिहून ठेवल्यास पणतवंडांच्या पिढीत या छंदाला काही आर्थिक बाजू निर्माण होऊ शकते. तोवर ते गुलाबाच्या कुंडीत टाकायला घरच्यांची हरकत नसते.

आकडा तयार झाला म्हणजे शास्त्र संपलं असं नव्हे. तो लावायचा कुठे हा प्रश्न उरतोच. दहा मिलिमीटर लोखंडाचा हा आकडा एखादं पोतं सहज पेलेल. नव्या इमारतींच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, हाताला खडूसारख्या लागणाऱ्या. तिथे नुसता खिळा मारला तर तो पिशवीसकट खाली येतो. म्हणजे घरातली सर्वांत मजबूत वस्तू घरातल्या सर्वांत भुसभुशीत वस्तूला टांगायची. त्यासाठी एएसीचा म्हणून मिळणारा खास प्लग हार्डवेअरच्या दुकानातून आणावा लागतो, आणि त्याच दुकानात काउंटरवर चकचकीत आकडे टांगलेले असतात. त्यांची किंमत विचारू नये.

ज्यांना इतकं वाचूनही हौस उरली आहे त्यांना एकच सांगणं. भट्टी बांधण्याआधी घरातली बोथट विळी किंवा बागेतलं खुरपं घेऊन जवळच्या लोहाराकडे जा आणि ते शेवटून घ्या. तो सांगेल ते पैसे द्या, घासाघीस करू नका. तो किती वेळा तापवतो, कोणत्या रंगावर बाहेर काढतो, किती ठोके वाया घालवतो हे शेजारी उभं राहून पाहा. तो कोणाला अडवत नाही. वाया गेलेला ठोका दिसला नाही, तर तुमचं लक्ष नाही असं समजू नका.

उरली निगा. आकडा हाताला चटका न देता गरम असतानाच कापडाने जवसाचं तेल चोळावं. ते सुकून काळसर लेप धरतं आणि खोलीच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकतं. न्हाणीघरात मात्र हा आकडा लावू नये, पहिल्या पावसाळ्यातच तांबडा पडतो आणि टॉवेलावर डाग उठतात. तिथे विकतचा स्टीलचाच लावावा.